एकक वर्तुळ आणि साइन नियमातली दोन उत्तरांची भानगड

एकक वर्तुळ म्हणजे आरंभबिंदूवर केंद्र धरून १ त्रिज्येनं काढलेलं वर्तुळ. दहावीपर्यंत साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण, एवढंच आपल्या डोक्यात असतं, पण काटकोन त्रिकोणात ९०° च्या वरचा कोन मावतच नाही, मग साइन १५०° काढायचा कुठून? तर (१, ०) या बिंदूपासून निघायचं, घड्याळाच्या उलट दिशेनं कोनाइतकं फिरायचं, आणि जिथे थांबाल तिथला क्ष निर्देशक म्हणजे कोसाइन, य निर्देशक म्हणजे साइन. आता ३०° आणि १५०° चे बिंदू बघा, दोन्ही सारख्याच उंचीवर, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. म्हणून दोघांचा साइन ०.५. कोसाइन मात्र एकाचा ०.८६६ आणि दुसऱ्याचा उणे ०.८६६. पुढची सगळी भानगड इथूनच सुरू होते.

साइन नियम सांगतो की कुठल्याही त्रिकोणात बाजू भागिले तिच्या समोरच्या कोनाचा साइन हे गुणोत्तर तिन्ही बाजूंना सारखंच येतं (आणि ते परिवर्तुळाच्या व्यासाएवढं असतं). पण दोन बाजू आणि त्यांच्या मधला नसलेला कोन दिला की नियम कधीकधी दोन उत्तरं देतो. कंपास घेऊन स्वतः काढून बघा, वाचून ते पटत नाही. आडवी रेषा, तिच्यावर अ, तिथे ३०° चा कोन, त्या भुजेवर १० सेमीवर क. आता कंपासमध्ये ६ सेमी घेऊन क वर टोक रोवा आणि कंस फिरवा. कंस खालच्या रेषेला दोनदा कापतो, अ पासून साधारण ५.३४ सेमीवर आणि ११.९८ सेमीवर, म्हणजे ब च्या दोन जागा, दोन्ही त्रिकोण खरे. क ची रेषेपासूनची उंची १० × ०.५ = ५ सेमी, त्यामुळे ४ सेमी घेतलं तर कंस पोचतच नाही, ५ ला नुसता टेकतो आणि काटकोन होतो, ५ ते १० च्या मध्ये दोन त्रिकोण, १० किंवा जास्त असेल तर एकच. दिलेला कोन काटकोन किंवा विशालकोन असेल तर मात्र फार तर एकच त्रिकोण निघतो, तिथे डोकं खायची गरज नाही.

गणितानं केलं तर ब कोनाचा साइन = १० × ०.५ ÷ ६ = ०.८३३३, कॅल्क्युलेटर ५६.४४° दाखवून गप्प बसतो, कारण उलटा साइन तो उणे ९०° ते ९०° मधलाच देतो. १८०° मधून तो वजा करून येणारा १२३.५६° आपणच आठवायचा, आणि मुलं नेमकी तिथेच मार्क घालवतात. दुसरा कोन दिलेल्या कोनात मिळवून १८०° च्या आत बसतो का ते बघायचं: इथे १५३.५६°, बसतो. बक ही बाजू ६ ऐवजी १२ सेमी असती तर १५५.३८° + ३०° = १८५.३८°, बाद. मला विचाराल तर कोसाइन नियम (तीन बाजू आणि एक कोन जोडणारं सूत्र) बरा, त्यात वर्गसमीकरण येतं आणि त्याची जितकी धन उत्तरं तितके त्रिकोण, काही लपत नाही.

त्रिज्या १ ही सोय मात्र नंतरची. आर्यभटीयात (इ.स. ४९९) त्रिज्या ३४३८ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आहे, कारण पूर्ण परिघ ३६० × ६० = २१,६०० कला धरला की त्रिज्या तेवढी येते. ३०° ची ज्या त्या हिशोबात १७१९, म्हणजे ज्या ही लांबी होती, गुणोत्तर नव्हे. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. तिच्या जीवा या रूपाचं अरबीत जिबा झालं, ते जैब (कपड्याचा घोळ) असं वाचलं गेलं, त्याचं लॅटिन भाषांतर सायनस, आणि फिरून आपल्याकडे साइन म्हणून परत आलं.

जमीन मोजणीच्या कामात ही दोन उत्तरांची अडचण क्वचितच येते. १८०२ मध्ये मद्रासजवळ लॅम्बटन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं पायारेषा (पहिल्या त्रिकोणाची बाजू) मोजून जी भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, तिच्यात एक बाजू माहीत आणि कोन थिओडोलाइटनं (कोन मोजायच्या दुर्बिणीच्या यंत्रानं) मोजलेले, मग साइन नियमाला उत्तर एकच.