एसक्यूएल सर्व्हर टाकला, पण लॉगिन होत नाही? आधी एररचा नंबर बघा

आमचं बिलिंग सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या फुकट डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालतं. तो टाकून झाला की पहिल्याच दिवशी फोन येतो, "लॉगिन फेल्ड म्हणतोय, काढून परत टाकू का?" कृपया टाकू नका. नव्याने टाकलेल्या सर्व्हरला जुनी लॉगिन माहीत नसतात आणि तुमचा डेटाबेसही आपोआप जोडला जात नाही. एकाचे दोन घोळ होतात.

एरर 18456 दिसत असेल तर सर्व्हर सापडलाय, फक्त तुम्हाला आत घेत नाहीये. बहुतेक वेळा कारण एकच: इन्स्टॉल करताना 'विंडोज ऑथेंटिकेशन' (फक्त विंडोजच्या खात्याने लॉगिन) तसंच राहिलं. मग 'एसए' हे सर्व्हरचं स्वतःचं मुख्य खातं बंद राहतं, पासवर्ड कितीही बरोबर असो.

ज्या विंडोज खात्यातून इन्स्टॉल केलं त्यातूनच मॅनेजमेंट स्टुडिओत (सर्व्हर सांभाळायचा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रॅम) विंडोज ऑथेंटिकेशनने शिरा. सर्व्हरच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी. तिथे दोन्ही पद्धती चालणारा पर्याय निवडा. मग डावीकडच्या लॉगिन्समध्ये 'एसए'ला पासवर्ड द्या आणि स्टेटसमध्ये ते सुरू करा. शेवटी एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस रीस्टार्ट करा. हे राहून गेलं तर आधीचं सगळं करूनही काही बदलत नाही, आणि नेमकं हेच राहतं.

तरीही अडलं तर सर्व्हरच्या लॉग फोल्डरमधली एररलॉग फाइल नोटपॅडमध्ये उघडा. एररसोबत 'स्टेट' म्हणून कारणाचा नंबर येतो. स्क्रीनवर तो नेहमी 1 दिसतो, कारण अनोळखी माणसाला खरं कारण कळू नये. फाइलमध्ये मात्र तो खरा असतो: 58 म्हणजे वरचाच 'फक्त विंडोज ऑथेंटिकेशन'चा घोटाळा, 5 म्हणजे त्या नावाचं लॉगिनच नाही, 8 म्हणजे पासवर्ड चुकला. 8 असेल तर कीबोर्ड मराठीवर राहिलाय का बघा. ठिपक्यांमागे काय टाइप होतंय ते कळत नाही, म्हणून आधी नोटपॅडमध्ये टाइप करून पाहा (आणि नंतर पुसा).

एरर 26 असेल तर पासवर्डचा संबंधच नाही. सर्व्हरच सापडत नाहीये. नाव पूर्ण हवं: कॉम्प्युटरचं नाव, उलटी तिरकी रेघ, मग एसक्यूएलएक्सप्रेस, सगळं इंग्रजीत. काउंटरवरच्या दुसऱ्या मशीनवरून जोडत असाल तर मुख्य मशीनवर एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपी/आयपी (नेटवर्कवरून जोडण्याची पद्धत) चालू करा, कारण एक्सप्रेसमध्ये ते मुळात बंद असतं. एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर ही सर्व्हिसही चालू हवी, आणि फायरवॉलमध्ये यूडीपी 1434 व सर्व्हरचा स्वतःचा टीसीपी पोर्ट मोकळे हवेत.

मॅनेजमेंट स्टुडिओ 20 सर्टिफिकेटची तक्रार करत असेल, तर 'ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट'वर टिक करा. दुकानातल्या नेटवर्कपुरतं हे चालतं. इंटरनेटवरून जोडताना करू नका.

विंडोज ऑथेंटिकेशननेही आत जाता येत नसेल तर सर्व्हर सिंगल-युजर मोडमध्ये, म्हणजे एकाच वेळी एकालाच आत घेईल असा, सुरू करावा लागतो. ते काम आमच्यावर सोडा. फोन करण्याआधी पूर्ण एररचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. पासवर्ड पाठवू नका, आम्ही मागितला तरी.