व्हेल शार्क : एक मासा वन्यजीव कसा ठरला

वन्यजीव म्हटले की नागपूरकरांच्या डोळ्यांपुढे पेंच-ताडोबाचा वाघ उभा राहतो. राज्याच्या वन विभागाचे मुख्यालय मात्र आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये आहे, आणि या विभागाने ज्यांना जपायचे त्या प्राण्यांत समुद्रातील एक अजस्र मासाही येतो : व्हेल शार्क.

नावात व्हेल असली तरी देवमाशाशी त्याचे नाते नाही. देवमासा फुप्फुसांनी श्वास घेतो. हा कल्ल्यांनी श्वास घेणारा, हाडांऐवजी लवचीक कूर्चेच्या सांगाड्याचा, मुशीच्या म्हणजे शार्कच्या जातकुळीतला मासा. १८२८ मध्ये केपटाउनजवळच्या टेबल उपसागरात भाल्याने मारलेल्या, सुमारे साडेचार मीटरच्या नमुन्यावरून अँड्र्यू स्मिथ यांनी त्याची पहिली शास्त्रीय नोंद केली. पूर्ण वाढलेली मादी १८ मीटरपर्यंत जाऊ शकते. एवढ्या देहाचे पोषण प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), बारीक कोळंबी आणि माशांची अंडी पाण्यातून गाळून होते. तोंडातले हजारो दात जवळजवळ निरुपयोगी असतात. उष्ण समुद्रांत तो बहुधा पृष्ठभागाजवळ दिसतो, तरी १,९०० मीटरहून खोल बुडी मारल्याचीही नोंद आहे.

त्याच्या प्रजननाविषयी दीर्घकाळ गैरसमज होता. १९५३ मध्ये मेक्सिकोच्या आखातात एक अंडे सापडल्याने तो अंडी घालतो असे मानले गेले. १९९५ मध्ये तैवानजवळ पकडलेल्या मादीच्या पोटात सुमारे ३०० पिल्ले मिळाली, तेव्हा अंडी पोटातच उबतात हे स्पष्ट झाले. पिल्ले पुष्कळ, पण वयात यायला दोन-तीन दशके लागतात. माझ्या मते शिकारीने त्याची एवढी हानी का झाली, याचे उत्तर या संथपणातच आहे.

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्याच्या यकृताचे तेल होड्यांच्या लाकडाला चोळत. १९९०च्या दशकात मांसाच्या निर्यातीमुळे शिकार फार वाढली. अखेर मे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या, सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश झाला, आणि असे संरक्षण मिळालेला तो भारतातील पहिला मासा ठरला. कायद्याइतकेच काम २००४ मध्ये गुजरातचे रामकथाकार मोरारीबापू यांच्या आवाहनाने केले : हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, हे किनाऱ्यावरच्या घरांना चटकन उमगले.

महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. संरक्षित सागरी जीव सोडवण्यासाठी जाळे कापावे लागल्यास मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा निर्णय झाला.