सदस्याच्या निधनानंतर वाद्यवृंदाची वाटचाल

बँडचा ताफा, वाद्यवृंद, भजनी मंडळ, तमाशाचा फड किंवा कलापथक यांतील एखाद्या कलावंताचे निधन झाल्यावर उरलेल्यांनी कार्यक्रम चालू ठेवावेत की थांबवावेत, हा सामूहिक कलेतला जुना आणि अवघड प्रश्न आहे. वरवर तो एकच दिसला तरी त्यात तीन प्रश्न गुंतलेले असतात : वाजवायचे की नाही, वाजवायचे तर गेलेल्याच्या जागी कोण उभा राहणार, आणि संचाचे जुने नाव तसेच लावायचे की नाही. बोलणे बहुधा पहिल्या प्रश्नाभोवती फिरते. मने दुखावतात ती मात्र तिसऱ्यावरून.

या प्रश्नाच्या जवळपास सर्व बाजू सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात पाहायला मिळतात. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्यांच्या या शहरात जानेवारीतील सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आणि तिच्यातील नंदीध्वजांची मिरवणूक, नारळी पौर्णिमेला निघणारी मार्कंडेयांची रथयात्रा, गणेशोत्सवातील लेझीम आणि त्यानंतरची लग्नसराई असे वाजवणाऱ्यांचे वर्ष ठरलेले असते. जिल्ह्यातच पंढरपूर आहे, शाहिरांची बार्शी आहे, संगीत बाऱ्यांसाठी (लावणी सादर करणाऱ्या संचांसाठी) ओळखले जाणारे मोडनिंब आहे आणि लावणी स्पर्धांचे अकलूज आहे. वाजवणे ही येथे कोणासाठी सेवा, कोणासाठी हौस आणि कोणासाठी रोजीरोटी असते. मृत्यूनंतरचा निर्णय या तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी होतो, आणि तो एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरते.

लग्नाच्या बँडचे उदाहरण सर्वांत रोखठोक आहे. मालकाने सुपारी घेतलेली असते, विसार आलेला असतो आणि मुहूर्त कोणासाठी थांबत नाही. ताफ्यात निरनिराळ्या जातिधर्मांचे वादक असतात. दिवंगताच्या घरी सुतक असले किंवा मातमचे दिवस चालू असले तरी बाकीच्यांना वरातीत उभे राहावेच लागते, कारण हंगामाच्या चार महिन्यांतील कमाईवर पुढचा पावसाळा काढायचा असतो. ट्रंपेट किंवा साइड ड्रम वाजवणारा गेला, तर ओळखीच्या ताफ्यातून माणूस उसना मिळतो. क्लॅरिनेट वाजवणारा मास्तर गेला, तर मात्र प्रश्न गंभीर होतो. गाणे तो उचलतो, कोठे थांबायचे आणि कोणत्या गाण्यावर वळायचे हे बाकीचे त्याच्या मानेच्या हालचालीवरून ओळखतात. त्याच्या जागी आलेल्या माणसाला गाणी येत असतात, पण त्या ताफ्याची सवय नसते. वराती पाहणाऱ्यांना हा फरक सहसा कळत नाही. वाजवणाऱ्यांना तो प्रत्येक चौकात जाणवतो. अशा ताफ्याला ‘आठ दिवसांत पुन्हा वाजवायला लागले’ म्हणून दोष देणारे लोक त्या घरांच्या चुलींचा विचार करत नाहीत, असे स्पष्टपणे म्हणावे लागते.

लेझीम पथकात रांगेतील एकाची उणीव दुसरा भरून काढतो. तेथेही हलगीवाला किंवा ढोलवाला गेल्यास पावलांची चाल नव्याने बसवावी लागते.

वारकरी परंपरेने या प्रश्नाचे उत्तर आपल्या रचनेतच करून ठेवले आहे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवली जात नाही; पहाऱ्याची वेळ संपली की ती एका वीणेकऱ्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. वीणा कोणाच्या गळ्यात आहे यापेक्षा ती उभी आहे याला तेथे महत्त्व आहे. पंढरपूरचे फड, म्हणजे वारकऱ्यांचे परंपरागत समूह, याच रीतीने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत : फडप्रमुखाच्या पश्चात गादी पुढच्याकडे येते आणि मूळ पुरुषाचे नाव फडाला राहते. भजनी मंडळातील एखादा टाळकरी वारल्यास त्याच्या अंत्ययात्रेत टाळ-मृदंग घेऊन चालणारे त्याचेच सोबती असतात. गाणे बंद करून शोक पाळणे आणि गाऊन निरोप देणे यांतला दुसरा मार्ग या परंपरेला आपला वाटतो, आणि ‘लोक काय म्हणतील’ ही चिंता तेथे फारशी उरत नाही.

तमाशात नाव हीच फडाची पुंजी असते. पंढरपुरात १९३५ साली जन्मलेल्या विठाबाई यांच्या फडाच्या नावात ‘भाऊ मांग नारायणगावकर’ हे शब्द होते. म्हणजे वडिलांचे नाव मुलीच्या नावाबरोबर तंबूच्या दारावर झळकत असे. २००२ मध्ये विठाबाईंचे निधन झाले, तेव्हा त्यांची कन्या मंगला बनसोडे स्वतःचा फड चालवत होत्या. तुकाराम खेडकर यांच्या पश्चात कांताबाई सातारकर यांनी फड उभा केला, आणि पुढे कांताबाई व त्यांचा मुलगा या दोघांची नावे ‘सह’ या शब्दाने जोडून तो गावोगाव फिरला. हा लहानसा शब्द तमाशाच्या फलकांवर मोठे काम करतो. कोण मुख्य, कोण सोबत आणि परंपरा कोणाची हे प्रेक्षकाला तिकीट काढण्यापूर्वीच कळते.

मृत्यूने केवळ जागा रिकामी होते असे नाही, कधी सगळा समतोल बिघडतो. किर्लोस्कर नाटक मंडळीचे संस्थापक अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये वारले, तरी मंडळी चालू राहिली. १९०१ मध्ये मुख्य गायकनट भाऊराव कोल्हटकर गेल्यावरही ती टिकली. १९११ मध्ये माणसे एकत्र धरून ठेवणारे नानासाहेब जोगळेकर यांचे निधन झाल्यानंतर मात्र मतभेद वाढले आणि बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी बाहेर पडून १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी काढली. मुख्य गायकनटापेक्षा माणसे एकत्र धरून ठेवणाऱ्याचे जाणे संस्थेला अधिक जड जाते, हे येथे दिसते. गावच्या बँडमध्येही असा एखादा असतो. तो बहुधा हिशेब ठेवणारा किंवा भांडणे मिटवणारा असतो आणि त्याचे वाद्य दुय्यम असते.

शाहिरीची गोष्ट निराळी आहे. बार्शीचे अमर शेख हे अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ मध्ये स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकाचे प्रमुख शाहीर होते. १८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ गेले आणि त्याच वर्षी २९ ऑगस्टला अमर शेख यांचे अपघाती निधन झाले. मूळ संच त्यापूर्वीच विखुरला होता. गाणी मात्र सभा-मोर्चांत इतरांच्या गळ्यांतून चालत राहिली. अमर शेख यांच्या पहाडी आवाजाची बरोबरी कोणी केली नाही, पण त्यामुळे ती गाणी गाण्याचा कोणाचा हक्कही गेला नाही. सोलापूरच्याच राम जोशी यांची लावणी दोनशे वर्षांनंतरही गायिली जाते, तेव्हा त्यांचा फड कोठे आहे असे कोणी विचारत नाही.

चित्रपटसंगीतात संयुक्त नावाचा पेच ठळकपणे समोर आला. शंकर–जयकिशन या जोडीतील जयकिशन १२ सप्टेंबर १९७१ रोजी गेले. त्यानंतर १९८७ मध्ये स्वतःचे निधन होईपर्यंत शंकर त्या संयुक्त नावानेच संगीत देत राहिले. हा जिवलग सहकाऱ्याचा सन्मान होता की जुन्या कीर्तीचा आधार, यावर रसिकांत एकमत नाही. दोन्ही भावना एकाच माणसाच्या मनात असू शकतात, हे लक्षात घेतले म्हणजे वादाची धार कमी होते.

पाश्चात्त्य रॉक बँडमध्ये याची दोन टोके एकाच वर्षी दिसली. १९८० मध्ये एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारीत वारला आणि जुलैत नव्या गायकासह त्यांचा पुढचा अल्बम आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ढोलवादक जॉन बॉनम गेला, तेव्हा लेड झेपलिनने डिसेंबरमध्ये आपण यापुढे चालू राहू शकत नसल्याचे जाहीर केले. २००७ मध्ये लंडनला ते एका कार्यक्रमासाठी एकत्र आले, तेव्हा ढोलावर बॉनमचा मुलगा होता. जॉय डिव्हिजनने तिसरी वाट धरली : मे १९८० मध्ये गायक इयन कर्टिस गेल्यावर उरलेल्या तिघांनी जुने नाव सोडले आणि न्यू ऑर्डर या नावाने काम केले. क्वीनने फ्रेडी मर्क्युरीच्या १९९१ मधील मृत्यूनंतर पुढे जे गायक घेतले, त्यांची नावे ‘क्वीन’पुढे अधिकचे चिन्ह देऊन स्वतंत्र लिहिली. हे चिन्ह आणि तमाशाचा ‘सह’ यांचे काम एकच आहे.

सोलापूरच्या ताफ्यांना यांपैकी न्यू ऑर्डरची वाट सहसा परवडणार नाही, कारण गिऱ्हाईक नावावर येते. क्वीनची वाट परवडते. ज्या संचाची ओळख एकाच आवाजात होती, त्याने जुन्या नावाखाली नवा आवाज गुपचूप उभा करणे ही श्रोत्यांची आणि दिवंगताची दोघांचीही फसवणूक आहे. फलकावर बदल लिहिला, दिवंगताच्या घरच्यांना आधी विचारले आणि नावामुळे येणाऱ्या मिळकतीत त्यांचा वाटा ठेवला, तर आक्षेपाला फारशी जागा राहत नाही. घरच्यांची संमती ही शिष्टाचाराची बाब समजली जाते, ती त्याहून बरीच मोठी आहे. अनेक वर्षे रात्री-अपरात्री घराबाहेर राहिलेल्या माणसाच्या कीर्तीत त्या घराचीही झीज झालेली असते.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी आहे. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ४२ नुसार वेगळा करार नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी विसर्जित होते. बँडमध्ये असे करार क्वचितच लिहिले जातात. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदलेले मंडळ सदस्याच्या मृत्यूने संपत नाही. नाव व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ खाली नोंदवता येते. स्वतःच्या चालीवरील हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे वारसांकडे राहतो, आणि सादरीकरणावरील कलावंताचा हक्क त्या सादरीकरणापासून ५० वर्षे टिकतो. त्यामुळे दिवंगत गायकाचा ध्वनिमुद्रित आवाज लावून मंचावर बाकीच्यांनी वाजवायचे असल्यास वारसांना विचारणे केवळ भावनेचा भाग राहत नाही.

निधनानंतरच्या पहिल्या कार्यक्रमात मंचावर दिवंगताचे हार घातलेले छायाचित्र ठेवतात, कधी त्याशेजारी त्याचे वाद्यही मांडतात. त्या वाद्याचे पुढे काय होते, हे ते कोणाच्या मालकीचे होते यावर अवलंबून असते. बँडमधील क्लॅरिनेट अनेकदा मालकाचे असते, म्हणून तेच वाद्य नव्या माणसाच्या हाती येते आणि तो फक्त रीड (फुंकायच्या टोकाची पट्टी) बदलून घेतो. हार्मोनियम, तबला किंवा हलगी कलावंताची स्वतःची असेल तर ती घरी परत जाते, आणि घरच्यांनी ती संचाकडे पुन्हा पाठवली तर तो त्यांचा होकार मानला जातो.