सापळ्यातले पतंग आणि शिळे होणारे अंदाज

यवतमाळकडच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावरात मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारा कामगंध सापळा लावलेला असतो. सकाळी कास्तकार त्याची प्लास्टिकची पिशवी खालून सोडतो आणि रात्रभरात अडकलेले गुलाबी बोंडअळीचे नर पतंग मोजतो. सलग 3 रात्री दर सापळ्यात 8 पतंग आढळले, तर फवारणीचा विचार करावा, असा सल्ला आहे. हे आकडे रोज येत राहतात. संगणकशास्त्रात अशा न थांबणाऱ्या नोंदींना डेटाप्रवाह म्हणतात.

या नोंदींवर संगणकाला एकदाच शिकवून मोकळे होता येत नाही, हे विदर्भाने सोसून पाहिले आहे. 2002 मध्ये बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या, कापसाला मान्यता मिळाली आणि 2006 मध्ये दोन जनुकांचे वाण आले. त्या वर्षांच्या नोंदींवरून बोंडअळीचा अंदाज बांधायला शिकलेल्या कोणत्याही संगणकी प्रारूपाने (मॉडेलने) ‘बीटी असेल तर बोंडअळी नाही’ हाच नियम काढला असता, आणि तेव्हा तो खराही होता. पुढे अळीत प्रतिकारशक्ती आली आणि 2017 च्या हंगामात तशाच बियाण्याची बोंडे आतून किडलेली निघाली. माहिती तीच, पण तिच्यातून निघणारे उत्तर बदलले. यालाच ‘कन्सेप्ट ड्रिफ्ट’ म्हणतात.

मग जुने किती विसरायचे? अल्बर्ट बिफेत आणि रिकार्ड गावाल्दा यांनी 2007 मध्ये मांडलेली ‘ॲडविन’ ही पद्धत मला यात फार मोलाची वाटते. ती प्रारूपाच्या अलीकडच्या चुकांची एक खिडकी, म्हणजे कोणता अंदाज चुकला याची सलग यादी, सांभाळते आणि ही खिडकी वेगवेगळ्या ठिकाणी दुभागून जुन्या व नव्या भागाची सरासरी ताडून पाहते. समजा, 400 अंदाजांपैकी पहिल्या 300 मध्ये 30 चुकले आणि नंतरच्या 100 मध्ये 60. एवढी तफावत निव्वळ योगायोगाची नसते, म्हणून जुना भाग टाकला जातो. तफावत नसेल तर खिडकी वाढत राहते.

तरीही हंगाम दरवर्षी फिरून येतो, त्यामुळे जुने प्रारूप पुसून न टाकता बाजूला जपून ठेवावे लागते. शिवाय पावसाच्या रात्री किंवा गंधगोळी जुनी झाल्यावर पतंग कमी सापडतात, आणि तेव्हा बदल किडीत नसून मोजणीत असतो.

खरी अडचण उत्तराची आहे. अंदाज चुकला हे कळायला हिरवी बोंडे फोडून आत अळी पाहावी लागते, आणि ती नोंद पतंगांच्या आकड्यानंतर कितीतरी दिवसांनी येते. तोवर चुकांची खिडकी रिकामीच राहते.