मानधनाचा वाद : भारतीय क्रिकेटपटू आणि सहानुभूतीचा प्रश्न

सप्टेंबर २००२ मध्ये कोलंबो येथे होणाऱ्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या तोंडावर भारताच्या आघाडीच्या खेळाडूंनी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या करारावर सही करण्यास नकार दिला, तेव्हा आपल्याकडे अनेकांची पहिली प्रतिक्रिया नाराजीची होती. परिषदेने २००७ पर्यंतच्या आपल्या स्पर्धांचे व्यापारी हक्क ५५ कोटी डॉलरना विकले होते. स्पर्धेच्या प्रायोजकांशी ज्यांची चढाओढ आहे अशा कंपन्यांच्या जाहिरातींत खेळाडूंनी स्पर्धेच्या आधी, स्पर्धेदरम्यान आणि नंतरही काही काळ दिसू नये, ही अट त्याच व्यवहारातून आली होती. म्हणजे खेळाडूंनी पूर्वीच केलेले वैयक्तिक करार मोडायचे, आणि ज्या व्यवहारापायी ते मोडायचे तो ठरताना मात्र त्यांना कोणी विचारलेले नव्हते. अखेर तडजोड होऊन संघ कोलंबोला गेला. मात्र भरपूर कमावणाऱ्यांनी देशासाठी खेळताना अटी घालाव्यात का, हा प्रश्न अशा प्रत्येक वादात पुन्हा विचारला जातो आणि त्याचे उत्तर शोधताना आपली नजर संघातील सर्वांत श्रीमंत खेळाडूवर जाऊन थांबते. माझ्या मते चूक तेथेच होते, आणि ती कशी होते हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात पालवणकर बाळू हे पारशी मंडळींच्या एका क्लबात खेळपट्टी झाडण्याच्या आणि तिच्यावर रोलर फिरवण्याच्या कामाला महिना ३ रुपयांवर लागले. पुढे युरोपीय सभासदांच्या क्लबात त्यांना ४ रुपये मिळू लागले. तेथे मैदान राखायचे आणि साहेबांना सराव हवा असेल तेव्हा तासन्‌तास गोलंदाजी करायची, हे त्यांचे काम होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या या चर्मकार समाजातील गोलंदाजाला हिंदूंच्या संघात स्थान मिळाल्यावरही सहकाऱ्यांपासून वेगळा चहा आणि वेगळे जेवण सोसावे लागले. त्या काळी खेळ ही हौशी सभ्य गृहस्थांची गोष्ट होती आणि पैसे घेऊन खेळणारा हा नोकर होता. खेळाडूने पैशाचे नाव काढले की आजही मनात जी किंचित अढी उत्पन्न होते, तिचे मूळ मला या विभागणीत दिसते.

स्वातंत्र्यानंतर नोकर-मालक हे शब्द गेले, पण व्यवहार फारसा बदलला नाही. विनू मंकड यांचे १९५२ चे प्रकरण या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमधील लँकेशायर लीगच्या हॅस्लिंग्डन क्लबाने त्यांना व्यावसायिक खेळाडू म्हणून करार देऊ केला होता. त्याच उन्हाळ्यात भारताचा इंग्लंड दौरा असल्यामुळे, संघात आपली निवड निश्चित असेल तर आपण तो करार नाकारू, असे मंकड यांनी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाला कळवले. मंडळाने असे आश्वासन देण्यास नकार दिला आणि मंकड हॅस्लिंग्डनकडे गेले. लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात संघाची धावसंख्या शून्य असतानाच भारताचे चार फलंदाज बाद झाले, सामना हातचा गेला, आणि मग याच मंडळाला हॅस्लिंग्डनशी बोलणी करून मंकड यांना मागून घ्यावे लागले. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या आणि दोन्ही डावांत मिळून ९७ षटके टाकली. तो सामना भारत हरला, पण मंकड यांच्या नावाने तो आजही ओळखला जातो. घर चालवण्यासाठी मिळणारे काम सोडायचे की अनिश्चित निवडीची वाट पाहायची, एवढाच साधा प्रश्न त्यांनी विचारला होता, आणि तो विचारणे हाच त्या वेळी उद्धटपणा मानला गेला.

पुढची तीन दशके मुंबईच्या क्रिकेटपटूंचा संसार मंडळाने नव्हे, तर बँकांनी आणि कंपन्यांनी चालवला. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते आणि सुनील गावसकर निरलॉन कंपनीत. टाइम्स शील्ड या कंपन्यांच्या संघांमधील स्पर्धेत आपला संघ मजबूत असावा म्हणून कंपन्या खेळाडूंना नोकरी देत, आणि कसोटीच्या तुटपुंज्या मानधनाची भरपाई त्या पगारातून होई. १९८३ मध्ये विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला योग्य बक्षीस देण्याइतके पैसे मंडळाजवळ नव्हते, तेव्हा लतादीदींनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला आणि प्रत्येक खेळाडूला १ लाख रुपये देता आले. ही आठवण आपण कौतुकाने सांगतो, आणि लतादीदींच्या औदार्याचे ते कौतुक योग्यच आहे. पण विश्वविजेत्यांच्या श्रमाचे मोल तोवर कोणत्याही कराराने ठरलेले नव्हते, हेही त्याच आठवणीतून दिसते.

१९८९ मध्ये वेस्ट इंडीजच्या दौऱ्यानंतर उत्तर अमेरिकेत प्रदर्शनी सामने खेळल्याबद्दल मंडळाने कर्णधार दिलीप वेंगसरकर, कपिल देव, रवी शास्त्री, महंमद अझरुद्दीन, किरण मोरे आणि अरुण लाल यांच्यावर बंदी घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि बंदी टिकली नाही. मात्र त्या झगड्यातून खेळाडूंची कायम टिकणारी संघटना उभी राहिली नाही, आणि २००२ च्या वादाच्या काळात स्थापन झालेल्या संघटनेलाही मंडळाने कधी मान्यता दिली नाही.

दरम्यान पैशाचा ओघ बदलला होता. प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असा निर्णय फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि दूरचित्रवाणीचे हक्क ही मंडळाची सर्वांत मोठी मिळकत झाली. त्या मिळकतीत खेळाडूंचा हिस्सा किती, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नव्हता. २००४ च्या सुमारास मंडळाने उत्पन्नाचा २६ टक्के भाग खेळाडूंसाठी ठेवण्याचे सूत्र मान्य केले. त्यातील १३ टक्के आंतरराष्ट्रीय खेळाडूंना, १० टक्क्यांहून थोडा अधिक भाग देशांतर्गत खेळाडूंना आणि उरलेला कनिष्ठ आणि पुढे महिला खेळाडूंना, अशी वाटणी होती. आघाडीच्या खेळाडूंनी वाटाघाटी केल्या त्या केवळ स्वतःसाठी नव्हत्या, हे या वाटणीतून स्पष्ट होते. रणजी सामन्यात रिकाम्या स्टेडियममध्ये दिवसभर धावणाऱ्या, ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते अशा मध्यमगती गोलंदाजाच्या घरात त्यामुळे पैसे आले. ‘एकूण उत्पन्न’ म्हणजे नेमके काय, यावर पुढे वाद झाले. प्रसारणहक्कांतून राज्य संघटनांचा मोठा वाटा आधीच बाजूला काढला जातो, ही खेळाडूंची तक्रार त्यात मुख्य होती.

वरिष्ठ पुरुष खेळाडूचे देशांतर्गत सामन्यातील दिवसाचे मानधन २०१८ मध्ये १०,००० रुपयांवरून ३५,००० रुपये झाले. महिलांचे त्याच वर्षी १२,५०० ठरले. महिलांची कहाणी तर आणखी कठीण आहे, कारण २००६ पर्यंत त्यांचे क्रिकेट मंडळाच्या छत्राखालीच नव्हते. २००५ च्या विश्वचषकात भारताचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला, आणि त्या स्पर्धेत एका सामन्याचे १,००० रुपये मिळाल्याचे कर्णधार मिताली राज यांनी पुढे सांगितले. आंतरराष्ट्रीय सामन्यांचे मानधन स्त्री-पुरुषांना समान करण्याची घोषणा ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली.

जे या बदलांपूर्वीच निवृत्त झाले, त्यांच्या वाट्याला निवृत्तिवेतन आले. मुंबईच्या पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले आणि भारताकडून एकही कसोटी न खेळता ते निवृत्त झाले. त्यांच्या पिढीतील प्रथम श्रेणीच्या खेळाडूंना मिळणारी महिना १५,००० रुपयांची रक्कम जून २०२२ मध्ये दुप्पट झाली.

आता त्या श्रीमंत खेळाडूकडे वळू. नोव्हेंबर २०२४ मधील आयपीएलच्या लिलावात ऋषभ पंत यांना २७ कोटी रुपयांची बोली लागली. इतके मिळवणाऱ्याची कीव करावी, असे माझे म्हणणे नाही. परंतु २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रसारणहक्क ४८,३९० कोटींना विकले गेले, म्हणजे वर्षाला सरासरी ९,६०० कोटींहून अधिक. आणि २०२५ मध्ये प्रत्येक संघाला खेळाडूंवर जास्तीत जास्त १४६ कोटी खर्च करण्याची मुभा होती, म्हणजे दहा संघांचे मिळून १,४६० कोटी. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत खेळाडूंच्या संघटनेने करारातून खेळाच्या उत्पन्नाचा सुमारे निम्मा वाटा मिळवला आहे. तेथे वाटाघाटी फिसकटल्या की संघमालक टाळेबंदी करतात, हंगाम आखडतो, प्रेक्षक चिडतात; पण टेबलाच्या दोन्ही बाजूंना माणसे बसलेली असतात.

आपल्याकडे मंडळाच्या कारभारात सुधारणा सुचवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ मध्ये माजी खेळाडूंची संघटना स्थापन झाली, परंतु सध्या खेळत असलेल्या खेळाडूंना तिचे दार बंद आहे. करोनाच्या साथीमुळे २०२०-२१ ची रणजी स्पर्धा ८७ वर्षांत प्रथमच रद्द झाली. सामन्याच्या दिवसांवर ज्यांची कमाई अवलंबून असते, त्या शेकडो खेळाडूंचे उत्पन्न त्यामुळे थांबले. त्यांना मानधनाच्या निम्मी भरपाई देण्याचा निर्णय सप्टेंबर २०२१ मध्ये मंडळाने जाहीर केला. तो उशिरा झाला, तरी स्वागतार्ह होता. पण भरपाई किती आणि केव्हा द्यायची हे ठरवताना त्या खेळाडूंच्या वतीने बोलण्याचा अधिकार असलेली, त्यांनीच निवडून दिलेली एकही व्यक्ती तेथे नव्हती.