अहिराणीत टाईप करणारी पोरं

परवा अमळनेरला बहिणीकडे गेलो होतो, संध्याकाळी ओट्यावर बसलेलो, शेजारी भाची, बारावीला आहे, मोबाईलवर तिचं काहीतरी चालू होतं. तिने मला दाखवत दाखवतच अर्ध्या मिनिटात तीन मेसेज टाकले. सरांना, ‘नमस्कार सर, उद्या प्रॅक्टिकल आहे का?’ कॉलेजच्या ग्रुपवर रोमनमध्ये नुसतं के आणि वाय, म्हणजे ‘काय’. आणि मैत्रिणीला देवनागरीत, आमच्या खानदेशातल्या अहिराणी बोलीत, ‘काय करी ऱ्हायनी व?’, म्हणजे ‘काय करतेयस गं?’ तिकडून लगेच, ‘कायबी नही, बठेल शे’, म्हणजे काही नाही, बसलेय.

मोबाईलमुळे पोरांची भाषा बिघडली असं आपल्याकडे सगळेच म्हणतात, मला ते पटत नाही. कुणाशी कसं बोलायचं हे कळल्याशिवाय असे तीन मेसेज लिहिताच येत नाहीत. कॅनडात टोरांटोच्या टीनएजर पोरांचं चॅटिंग २००८ मध्ये भाषाशास्त्रज्ञांनी तपासलं होतं, दहा लाखांहून जास्त शब्द, त्यात शॉर्टफॉर्म निघाले तीन टक्क्यांपेक्षाही कमी.

शॉर्टफॉर्म काही आळसातून आले नाहीत. पहिला एसएमएस गेला ३ डिसेंबर १९९२ ला. एका मेसेजला जागा १४० बाइटची, म्हणजे १,१२० बिटची. रोमन अक्षराला ७ बिट लागतात म्हणून १६० अक्षरं बसायची, देवनागरीला १६ बिट, म्हणजे फक्त ७०, आणि त्यात काना-वेलांटी पण वेगळी मोजली जाते! मग पोरं रोमनकडे गेली त्यात त्यांचं काय चुकलं. आणि आपले आजोबा पत्राच्या सुरुवातीला ‘सा. न. वि. वि.’ लिहायचे तो शॉर्टफॉर्मच की, जुन्या मोडी लिपीत तर ऱ्हस्व-दीर्घचा फरकच नव्हता, वाचणारा संदर्भावरून लावून घ्यायचा. ‘के वाय’ वाचताना आपण तेच करतो, गाळलेले स्वर डोकं भरून काढतं.

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री विद्यापीठाच्या लोकांनी १० ते १२ वर्षांच्या मुलांवर अभ्यास केला होता, जी मुलं असे शॉर्टफॉर्म जास्त वापरत होती त्यांचं शब्दवाचन उलट चांगलं निघालं. आता एकामुळेच दुसरं झालं असं लगेच म्हणता येत नाही, पण शॉर्टफॉर्म बनवायला शब्दातला आवाज सुटा करून ऐकावा लागतो आणि वाचनाचा पाया तोच आहे, त्यामुळे दोन्ही सोबत दिसतात यात नवल नाही.

आणि मला इथेच आपली अहिराणी आठवते. आठवीत मी निबंधात ‘डोळा’ ऐवजी ‘डोया’ लिहिलं होतं, वहीवर लाल पेनाचा मोठा गोल आणि वर्गात सगळ्यांसमोर बोलणी. अहिराणीत ळ चा य होतो, तो त्या बोलीचा नियम आहे, चूक नाही, पण हे कुणी सांगितलंच नाही. त्यानंतर कित्येक वर्षं मी घरातली भाषा कागदावर आणली नाही. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, त्या म्हणायच्या आणि घरचे उतरवून घ्यायचे, म्हणून १९५२ मध्ये, त्या गेल्यावर, ती गाणी छापून आली. २०११ च्या जनगणनेत खानदेशी बोलणारे, अहिराणी त्यातच मोजतात, १८ लाखांच्या वर आहेत, पण यातल्या किती जणांनी आपली बोली स्वतःच्या हाताने लिहिली असेल? माझ्या भाचीच्या वयाची पोरं ती रोज लिहितात, आणि मला याचा खरंच फार आनंद आहे.

लिहिताना आवाज पण आणतात. ‘हाव’ म्हणजे हो, ते ‘हावऽऽऽ’ असं लांबवलं की लाडाचं, नुसतं ‘हाव’ म्हणजे साधं. आणि ‘हाव’ पुढे पूर्णविराम आला की भाची म्हणते, चिडली वाटतं. २०१५ मध्ये अमेरिकेत बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या अभ्यासात हेच दिसलं, मेसेजमधल्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला की विद्यार्थ्यांना ते कमी मनापासूनचं वाटलं, हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र काहीच फरक नाही. इमोजीचं काम पण बरचसं हेच, बोलताना चेहरा आणि हात जे करतात ते.

पोरं अडतात कुठे ते पण सांगतो, कारण मी शिकवण्या घेतो आणि हे रोज बघतो. चॅटमध्ये समोरचा लगेच विचारतो, ‘म्हणजे?’ मग आपण अजून एक ओळ टाकतो. दहा मार्कांच्या उत्तरात असं विचारणारं कोणी नसतं, वाचणाऱ्याला कुठे अडेल हे आधीच ओळखून लिहावं लागतं, आणि पोरं दोन ओळींतच थांबतात. ही सवय वेगळी आहे, ती वेगळी शिकवावी लागते. मी आता एकाला लिहायला लावतो आणि दुसऱ्याला प्रत्येक ओळीला ‘म्हणजे?’ विचारायला सांगतो, उत्तरं लांबायला लागलीत.

त्या संध्याकाळी भाचीने मध्येच विचारलं, मामा, ‘ऱ्हायनी’ बरोबर का ‘राह्यनी’? मी दोनतीनदा मोठ्याने म्हणून बघितलं, ती पण म्हणाली, मग आतून तिच्या आजीला हाक मारून म्हणायला लावलं. आजीचं ऐकून तिने ‘ऱ्हायनी’ च ठेवलं. मैत्रिणीचं उत्तर आलं त्यात ‘राह्यनी’ होतं.