मादोका माजिका आणि तर्क लढवणारा प्रेक्षक : पार्श्वभूमी

‘माहो शोजो मादोका माजिका’ ही बारा भागांची जपानी अ‍ॅनिमेशन मालिका २०११ची. तिच्यात क्यूबे नावाचा प्राणी शाळकरी मुलींशी करार करतो: तो त्यांची एक इच्छा पुरी करणार आणि त्यांनी जादूच्या मुली होऊन चेटकिणींशी, त्यांच्या चक्रव्यूहांत शिरून, लढायचं. ती पहिल्यांदाच पाहणाऱ्या माणसाचा चेहरा टिपणारे व्हिडिओ मात्र आजही नव्याने बनतात. ते पाहणाऱ्यांना कथा पाठ असते. तिसऱ्या भागात काय होणार, दहाव्यात काय उलगडणार, सगळं ठाऊक असतं. तरी दुसऱ्या कुणाला ते पहिल्यांदा कळताना पाहायला आपण आवर्जून जातो, आणि व्हिडिओ संपला की खाली पुन्हा तेच वाद सुरू होतात: नायिका मादोकाला वाचवू पाहणारी होमुरा बरोबर की चूक, क्यूबे खोटं बोलला की नाही, वाल्पुर्गिसनाख्ट ही सगळ्यांत मोठी चेटकीण नेमकी कोण. ही सवय कुठून आली, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. पुढे कथेतली सगळी रहस्यं उघड होतात. मालिका पाहिली नसेल तर आधी ती पाहून या, मग वाचा.

नेहमीचं उत्तर असं, की जादूच्या मुलींच्या गोड गोष्टीत मरण आणणारी ही पहिली मालिका, म्हणून लोक हादरले. मला हे पटत नाही.

या प्रकाराची सुरुवात १९६६ सालची. त्या वर्षी ‘बिविच्ड’ ही अमेरिकन मालिका जपानी टीव्हीवर गाजत होती. तिच्यावरून सुचलेली मित्सुतेरु योकोयामांची ‘माहोत्सुकाई सॅली’ तोएई स्टुडिओने डिसेंबरमध्ये पडद्यावर आणली. १९६९ मध्ये ‘हिमित्सू नो आक्को-चान’ आली. तिच्या नायिकेजवळ रूप बदलून देणारा आरसा होता आणि तसाच खेळण्यातला आरसा दुकानात मिळू लागला. तेव्हापासून जादूची वस्तू म्हणजे विकायची वस्तू हे समीकरण पक्कं झालं. मालिकेचा खर्च खेळणी बनवणाऱ्या कंपन्या उचलायच्या, म्हणून नायिका हसतीखेळती आणि सुखरूप राहणं सोयीचं होतं.

तरीही १९८२ मध्ये सुरू झालेल्या ‘मिंकी मोमो’त, शेहेचाळिसाव्या भागात, जादू गमावलेली मोमो रस्त्यावर गाडीखाली सापडून मरते आणि पुढे माणसाचं मूल म्हणून जन्म घेते. ही मालिका लहान मुलांसाठीची होती. ‘सेलर मून’च्या पहिल्या पर्वाच्या अखेरीस, फेब्रुवारी १९९३ मध्ये, उसागीच्या चारही मैत्रिणी तिच्या डोळ्यांदेखत एकेक करून जातात. १९९७च्या ‘उतेना’ने राजकन्या आणि राजकुमार यांचा सगळा साचाच उलटतपासून पाहिला. म्हणजे या प्रकाराच्या पोटात अंधार पहिल्यापासून होता. मोमो मेली तेव्हाही मुलं रडली असतील. पण पुढच्या भागापर्यंत ती चेटकिणींची नावं उलगडत बसली नाहीत. फरक पडला तो इथे, आणि तो मरणाने पाडला नाही.

मादोकाच्या निर्मितीत चार गोष्टी एकत्र आल्या. दिग्दर्शक आकियुकी शिनबो. यांनीच २००४ मध्ये ‘लिरिकल नानोहा’चं पहिलं पर्व दिग्दर्शित केलं होतं, त्यामुळे जादूच्या मुलीला रात्री उशिरा, मोठ्या प्रेक्षकांसमोर आणण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. रात्री उशिराच्या मालिकांचा खर्च मुख्यतः डिस्कच्या विक्रीतून निघायचा, खेळण्यांतून नव्हे. नायिकेला जपण्याचं व्यापारी बंधन तिथे सुटतं. दुसऱ्या उमे आओकी. ‘हिदामारी स्केच’ या शांत, उबदार कथेच्या चित्रकर्त्या. मादोकाचे गोल गाल आणि टपोरे डोळे त्यांचे. तिसरे लेखक गेन उरोबुची, नायट्रोप्लस या गेम कंपनीचे. २००३ची ‘साया नो उता’ ही त्यांची भयकथा ज्यांनी पाहिली होती त्यांना हा माणूस काय लिहितो ते माहीत होतं. ‘फेट/झीरो’ या कादंबरीच्या उपसंहारात त्यांनी स्वतःच लिहिलं होतं की सुखान्त आपल्या हातून लिहिला जात नाही. चौथी जोडी गेकिदान इनू करी ही. या दोन कलावंतांनी चेटकिणींचे चक्रव्यूह कात्रणांतून उभे केले: कापलेले कागद, कापडाचे तुकडे, जुनी छायाचित्रं, कात्र्या, फुलपाखरं. शाफ्ट स्टुडिओच्या स्वच्छ, काचेच्या शहरात ही चित्रं घुसली की पाहणाऱ्याचे डोळे आपोआप कोपऱ्याकोपऱ्यात शोधू लागतात.

या चौघांना एकत्र आणणारे अ‍ॅनिप्लेक्स या कंपनीचे निर्माते आत्सुहिरो इवाकामी आणि शिनबो यांनी मालिकेचं खरं स्वरूप आधी कळू नये याची काळजी घेतली. स्वतः उरोबुची ट्विटरवर ही मनाला ऊब देणारी गोष्ट असल्याचं सांगत राहिले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही मूळ पटकथा होती. बहुतेक अ‍ॅनिमे एखाद्या छापील मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर, किंवा कादंबरीवर बेतलेले असतात आणि मूळ पुस्तक वाचलेला कुणीतरी पुढचं फोडतोच. इथे तसं पुस्तकच नव्हतं. ७ जानेवारी २०११च्या मध्यरात्रीनंतर ओसाकाच्या एमबीएस वाहिनीवर पहिला भाग लागला, तेव्हा निर्माते सोडले तर सगळा जपान सारख्याच अंधारात होता. पुढच्या आठवड्याची वाट पाहणं, नाहीतर समोर आहे त्यातून तर्क करणं, इतकंच हातात होतं.

आणि समोर भरपूर ठेवलेलं होतं. पहिल्या दोन भागांतल्या चक्रव्यूहांच्या भिंतींवर अनोळखी लिपीतला मजकूर दिसतो. प्रेक्षकांनी चित्र थांबवून ती अक्षरं उतरवून घेतली. त्यातल्या ओळी जर्मन निघाल्या, गटेच्या ‘फाउस्ट’मधल्या. ओळी ओळखता आल्या म्हणून अक्षरं जुळली आणि अक्षरं जुळली म्हणून चेटकिणींची नावं वाचता आली. सैतानाशी करार करणारा विद्वान, त्यापायी बरबाद होणारी ग्रेचेन, चेटकिणींच्या मेळ्याची रात्र वाल्पुर्गिसनाख्ट. मालिका जेमतेम सुरू झाली होती, आणि ज्याने ‘फाउस्ट’ वाचलं होतं त्याला क्यूबेच्या कराराकडे संशयाने बघायला कारण मिळालं होतं. (मराठी वाचकासाठी एक आडवाट: ‘फाउस्ट’च्या आरंभी रंगभूमीवरचा जो प्रवेश आहे, तो गटेने कालिदासाच्या ‘शाकुंतला’तल्या सूत्रधार-नटीच्या प्रवेशावरून घेतला, असं अनेक अभ्यासक मानतात. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ज्या नाटकाला संगीताचं रूप दिलं, तेच हे शाकुंतल.)

तिसऱ्या भागात मामी तोमोए मरते. अनुभवी, प्रेमळ, चहा आणि केक समोर ठेवणारी ताई. आता मी एकटी नाही, म्हणून ती पहिल्यांदाच निर्धास्त लढते आणि मिठाईची चेटकीण तिचं डोकं तोडते. यावरून ‘मामिरू’ असं क्रियापदच जपानी आंतरजालावर रूढ झालं. पण हा धक्का तिथेच थांबला नाही. मिठाईच्या चेटकिणीची जी अधिकृत माहिती प्रसिद्ध झाली, तिच्यात असं होतं की हवी ती मिठाई तिला निर्माण करता येते, फक्त सगळ्यांत आवडतं चीज तेवढं जमत नाही. राक्षसाला अशी केविलवाणी आवड कोण देतं? चेटकिणी आधी माणसं असाव्यात, हा तर्क अशा तपशिलांवर उभा राहत गेला. आठव्या भागात मादोकाची मैत्रीण सायाका चेटकीण झाली तेव्हा ज्यांनी तो लढवला होता त्यांना आपण बरोबर निघालो याचंच दुःख झालं असेल.

मालिका पाहण्याची ही एक वेगळीच रीत होती. सहाव्या भागात कळतं की सोल जेम, म्हणजे करारानंतर मिळणारं रत्न, हाच मुलीचा आत्मा आहे, शरीर नुसतं बाहेरचं कवच. नवव्या भागात क्यूबे शांतपणे सांगतो की विश्वाची ऊर्जा संपत चालली आहे आणि कोवळ्या मुली आशेतून निराशेत कोसळताना जी ऊर्जा सुटते ती गोळा करायला तो आला आहे. प्रेक्षक मागचे भाग पुन्हा लावून त्याचं एकेक वाक्य तपासायचे आणि प्रत्येक वेळी हेच दिसायचं की तो खोटं बोललेला नाही. विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही. हिरण्यकशिपूने वर मागताना घर-दार, दिवस-रात्र, माणूस-पशू सगळं बंद केलं आणि तरी उंबरठ्याची फट राहिली. इथे फट आधीपासून आहे आणि वर देणाऱ्याला ती ठाऊक आहे. फरक इतकाच, की हिरण्यकशिपू उन्मत्त होता आणि सायाकाला एका मुलाचा हात बरा व्हायला हवा होता. या फरकाने मला ही गोष्ट आजही सहन होत नाही.

दहावा भाग होमुराचा. पहिल्या भागापासून थंड, तुसडी आणि क्यूबेवर गोळ्या झाडणारी ही मुलगी तोच एक महिना पुन्हा पुन्हा जगते आहे, मादोकाला वाचवण्यासाठी. ती भविष्यातून आली असावी, हा तर्क पहिल्या भागापासूनच होता. त्या भागाचं नावच ‘स्वप्नात भेटल्यासारखं…’ असं काहीसं आहे. पण शेवटी क्लॅरिसचं ‘कनेक्ट’ हे शीर्षकगीत लागतं आणि कळतं की नऊ भाग मादोकाचं समजून ऐकलेलं हे गाणं होमुराचं आहे. सगळे तर्क चित्रांवर आणि संवादांवर लढवले जात होते आणि सगळ्यांत मोठा पुरावा दर आठवड्याला कानावर पडत होता. गेल्या काही दशकांतल्या टीव्ही लेखनात इतक्या कौशल्याने पुरावा लपवल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

एमबीएसवर हा भाग लागला ११ मार्च २०११च्या पहाटेआधी. त्याच दिवशी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ईशान्य जपानला भूकंपाचा हादरा बसला. त्सुनामी आली. मृत आणि बेपत्ता मिळून १८,००० हून अधिक माणसं गेली. उरलेल्या दोन भागांचं प्रक्षेपण थांबवण्यात आलं. अकराव्या भागात पाण्याखाली जाणारं शहर आहे, उचलून फेकल्या जाणाऱ्या इमारती आहेत, आणि वादळाच्या इशाऱ्यामुळे निवाऱ्यात रात्र काढणारं मादोकाचं कुटुंब आहे. हे सगळं आधीच लिहून झालेलं होतं. त्या आठवड्यांत खऱ्या निवाऱ्यांमध्ये लाखो माणसं होती. थांबण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता.

सहा आठवडे गेले. दहाव्या भागाने सगळ्यांत मोठी गाठ सोडवली होती आणि उरलेली, मादोका काय मागेल ही, तशीच होती. प्रेक्षकांनी या काळात मादोकाच्या इच्छेचे शक्य तितके प्रकार मांडून पाहिले. एरवी सात दिवसांत विरून जाणारा तर्क इथे दीड महिना चघळला गेला, तोही देश शोकात असताना, जेव्हा एका मुलीने सगळ्या जगाचं दुःख आपल्यावर घेण्याची कल्पना नुसती कथा उरली नव्हती. २२ एप्रिलच्या पहाटेपूर्वी दोन्ही भाग सलग दाखवले गेले. मादोकाची मागणी अशी: भूत, वर्तमान, भविष्य, कुठल्याही काळातली चेटकीण जन्मण्याआधीच आपल्या हातांनी नाहीशी करता यावी. याआधीच्या मुली मूर्ख होत्या असं ती म्हणत नाही. त्यांची आशा चुकीची होती हेच ती मानायला नकार देते. उरोबुचींना सुखान्त लिहिता येत नाही हे खरं धरलं, तरी त्यांनी इथे जे लिहिलं ते त्याच्या फार जवळचं आहे.

त्याच वर्षी ‘युरेका’ या साहित्यविचाराच्या मासिकाने मालिकेवर स्वतंत्र विशेषांक काढला आणि जपान मीडिया आर्ट्स फेस्टिव्हलमध्ये अ‍ॅनिमेशन विभागाचं सर्वोच्च पारितोषिक तिला मिळालं. मग अनुकरणं आली. ‘युकी युना’सारखी एखादी मालिका मनापासून लिहिलेली होती. बाकीच्या अनेकांनी फक्त मुलींचा छळ उचलला. तिथे रक्त भरपूर असतं, पण प्रेक्षकाने शोधावं असं काही मागे ठेवलेलं नसतं, म्हणून पाहणारा चरकतो आणि विसरतो.

आपल्याकडे ही मालिका पोचली तेव्हा बाराही भाग एकदम हाताशी होते, आणि तिसऱ्या भागाची कीर्ती आधीच कानावर आलेली. तो आठवडाभराचा अंधार आपल्याला मिळाला नाही. दुसऱ्याचा पहिला अनुभव पाहण्याची ओढ इथून येते, असं मला वाटतं. समोरचा माणूस भाग थांबवून ‘ही होमुरा काहीतरी लपवते आहे’ असं म्हणतो, तेव्हा २०११च्या जानेवारीतला तो प्रेक्षक घटकाभर परत येतो.

तर्क अजून संपलेले नाहीत, कारण कथाही संपवलेली नाही. २०१३च्या ‘रिबेलियन’ चित्रपटासाठी उरोबुचींच्या मनात आधी होमुराची सुटका होण्याचा शेवट होता. कथा पुढे नेता यावी म्हणून तो बदलला आणि दोघी मैत्रिणींना एकमेकींसमोर उभं करण्याची कल्पना शिनबोंकडून आली. मालिकेच्या शेवटी त्या इच्छेपायी देवत्वाला पोचलेल्या मादोकाला ओढून खाली आणणाऱ्या होमुराने चाहत्यांत कायमची फूट पाडली. मी तिच्या बाजूचा आहे. मादोकाच्या त्यागाला सगळे वंदन करत असताना, हे तिला खरंच हवं होतं का, असं विचारणारी ती एकटीच आहे.

२०२१ मध्ये पुढच्या चित्रपटाची घोषणा झाली आणि त्याच्या नावात वाल्पुर्गिसनाख्ट आहे. त्याबरोबर जुना वाद पुन्हा पेटला. मालिकेत ही चेटकीण कुणाची हे कधीच सांगितलेलं नाही. अधिकृत माहितीत ती रंगमंचाच्या सामग्रीची चेटकीण आहे आणि तिचा स्वभाव असहायता. एक गट म्हणतो ती होमुराच, काळात मागे फेकली गेलेली. तोच एक महिना न थकता फिरवत राहणारी मुलगी आणि गोल फिरणारी चाकं घेऊन उलटी लटकलेली ही चेटकीण, हे साम्य योगायोगाचं नाही, असं त्यांचं म्हणणं. विरोधक विचारतात, मग पहिल्याच फेरीत, होमुराने एकदाही काळ उलटवलेला नसताना, ती शहरावर चालून कशी आली? मला हा आक्षेप बिनतोड वाटतो, आणि तरी स्वभावाच्या रकान्यातल्या त्या ‘असहायता’ या एका शब्दामुळे पहिला तर्क सोडवत नाही.